नितळ पाण्याचा भरवसा

जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठानं सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्ही पाच-सहा जणी आहोत. पहिल्या मोठ्या पावसानंतर तलावात मातकट पाणी भरतं, तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, "पाणी खराब झालं." महिना-दीड महिन्यानं गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसायला लागतं, आणि तेच तोंड म्हणतं, "आता कसं छान झालं!" मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. तरी हा एक समज माझ्या मैत्रिणींच्याच मनातून मला काढता आलेला नाही. आपण गढूळ पाण्याला घाबरतो आणि नितळ पाण्यावर भरवसा ठेवतो. रसायनांच्या बाबतीत नेमकं हेच फसवं ठरतं. नायट्रेटला रंग नाही, पाण्यात विरघळलेल्या शिशाला वास नाही आणि फवारणीच्या औषधाचा अंश ग्लासभर पाण्यात डोळ्यांना दिसत नाही.

जपानमधल्या मिनामाताच्या खाडीत असंच झालं. एका कारखान्याच्या सांडपाण्यातून पारा समुद्रात जात राहिला. तो माशांत साठला आणि माशांतून माणसांत आला. आधी गावातली मांजरं पिसाटल्यासारखी नाचून मरू लागली, मग माणसांचे हातपाय थरथरायला लागले. 1956 साली या आजाराची अधिकृत नोंद झाली. पाऱ्याचं ते सांडपाणी बंद व्हायला मात्र 1968 उजाडलं. त्या पाण्याकडे नुसतं पाहून त्यातला पारा कुणाला दिसला नव्हता.

मैला आणि रसायन यांतला फरक आधी मनात पक्का करायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मैला, खरकटं, शेण हे सडणारे पदार्थ आहेत. पाण्यातले जिवाणू ते खातात आणि हवा व वेळ मिळाली तर नदी त्यातून सावरते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रही मुळात याच जिवाणूंच्या जिवावर चालतं. शिसं, क्रोमियम, तांबं, पारा हे कुठलाच जिवाणू खाऊन संपवू शकत नाही. ते गाळात बसतात नाहीतर पुढे वाहत जातात. कधी कधी तर ते त्या जिवाणूंनाच मारतात आणि केंद्राचं मूळ कामही बिघडवतात. म्हणजे "पुढे मशीन आहे, ते करील साफ" हा विचार इथे उपयोगाचा नाही. रसायन अडवायची खरी जागा एकच, ते जिथून निघतं तिथे. त्यातली एक जागा आपल्या घरातली मोरी आहे.

आपलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, तेही पाहू. जळगावकर पितात ते वाघूर धरणाचं पाणी. ही वाघूर अजिंठ्याच्या लेण्यांसमोरून वाहत येते. आपण वापरून सोडलेलं पाणी नाल्यांतून शेवटी तापीच्या खोऱ्यात जातं आणि तापी उकाईमार्गे सुरतेला जाऊन समुद्राला मिळते. आपल्या खाली कुणीच राहत नाही, असं या वाटेवर कुठल्याही गावाला म्हणता येणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2018 साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत 351 पट्टे होते. त्यातले 53 एकट्या महाराष्ट्रातले, देशात सर्वांत जास्त. गिरणा, तापी आणि धुळ्याची पांझरा, तिन्ही त्या यादीत होत्या.

एक हिशेब मला फार अस्वस्थ करतो. कारखान्यानं नदी-नाल्यात सोडायच्या प्रक्रिया केलेल्या पाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे. बीओडी म्हणजे त्या पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाईल, त्याचं माप. नदीत अंघोळ करता यावी यासाठी मात्र तेच माप 3 च्या आत हवं. दोन्हींमध्ये दहा पटींचा फरक आहे. नदीत भरपूर पाणी असेल आणि सोडलेलं पाणी त्यात मिसळून पातळ होईल, या गृहीतावर तो फरक उभा आहे. चैत्र-वैशाखात गिरणेच्या पात्रात उभं राहून पाहा. मिसळायला पाणीच नसतं. त्या दिवसांत नाल्यातून जे येतं, तीच नदी असते. पात्रातली वाळू थोडंफार गाळून घ्यायची, ती वाळूही आपण डंपरनं उचलून नेली. म्हणून सगळे नियम पाळले गेले तरी खानदेशातल्या कोरड्या नद्यांना ते पुरत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे घरातून आणि दुकानातून जाणारा प्रत्येक तांब्या मोजावा लागतो.

आता मोरीकडे येऊ. घरातून सर्वांत जास्त जाणारं रसायन म्हणजे कपड्यांची पावडर. आमच्या शेजारच्या काकूंशी माझा यावरून वाद झाला होता. त्यांचं म्हणणं होतं, "फेसच आला नाही तर मळ निघणार कसा?" आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. जड पाण्यातला चुना-मॅग्नेशियम पावडरीचं बळ खातो, फेस कमी येतो आणि हात आपोआप दुसऱ्या मुठीकडे जातो. मी त्यांच्या ओट्यावर दोन बादल्या ठेवल्या. एकीत त्या नेहमी टाकतात तेवढी पावडर घातली, दुसरीत तिच्या निम्मी पावडर आणि चमचाभर धुण्याचा सोडा. एकाच घरातले, सारखेच मळलेले शर्ट दोन्हींत अर्धा तास भिजवले, कॉलर आणि बाह्या तेवढ्या ब्रशनं घासल्या. वाळल्यावर कुठला शर्ट कुठल्या बादलीतला, हे काकूंना ओळखता आलं नाही. पहिल्या बादलीतले कपडे खळबळायला चार पाणी लागले, दुसरीतल्यांना दोन. ज्या गावात नळाला एक-दोन दिवसांआड पाणी येतं, तिथे काकूंना पटायला एवढं पुरलं. मळ काढायचं काम भिजण्यानं आणि घासण्यानं होतं. फेस किती आला, त्यावरून कपडा किती स्वच्छ झाला ते ठरत नाही.

पावडर विकत घेताना पुडक्यावर 'फॉस्फेटविरहित' लिहिलंय का, ते पाहा. फॉस्फेट म्हणजे शेवाळाचं खत. तलावात ते गेलं की पाणी हिरवं होतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच खातं, त्यामुळे पहाटे पाण्यातला प्राणवायू तळाला जातो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. मासे दाणे मागायला आलेत असं वाटून लोक त्यांना चुरमुरे टाकतात. प्रत्यक्षात ते गुदमरत असतात. आणि कपडे काय, गाडी काय, तलावावर किंवा नाल्यावर नेऊन धुऊ नका. घरी धुतलंत तर ते पाणी निदान गटारातून केंद्रापर्यंत जायची शक्यता तरी असते.

संडास-बाथरूमच्या फरशीसाठी बाटलीतून मिळणारं अ‍ॅसिड घरात न आणलेलंच बरं. पिवळे डाग लिंबाचं सत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, कोमट पाण्यात विरघळवून तासभर ठेवलं तर निघतात. आधीच आणलेलं असेल तर एक गोष्ट जीव सांभाळण्यासाठी लक्षात ठेवा. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकावर एक कधीही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो माणसाला पाडतो. चुकून झालंच, तर पाणी ओतत बसू नका. लगेच बाहेर या, दार-खिडकी उघडी राहू द्या आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठा.

दिवाळीच्या रंगकामात माझ्याही हातून चूक झालेली आहे. दाराला ऑइल पेंट दिल्यावर ब्रश थिनरमध्ये बुडवले आणि ते थिनर अंगणातल्या नळाखाली ओतून दिलं. गल्लीच्या गटारावर इंद्रधनुष्यासारखा तवंग चार घरं ओलांडून जाताना मी उभी राहून पाहिला. तेव्हापासून वापरलेलं थिनर काचेच्या बरणीत झाकून ठेवते. दोन दिवसांत रंग तळाशी बसतो, वरचं स्वच्छ थिनर पुढच्या वेळी चालतं आणि तळाचा गाळ वाळवून वेगळ्या कचऱ्यात जातो. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत घरगुती घातक कचरा असा वेगळा वर्गच केला गेला. रंगाचे डबे, औषधांच्या बाटल्या, सेल, सीएफएल दिवे, पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेल्या गोळ्या, हे सगळं त्यात येतं. एक जुना डबा मोरीपासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही असा ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी घंटागाडीवर वेगळा द्या आणि देताना त्यात काय आहे ते त्या माणसाला सांगा. गोळ्या आणि औषधांच्या बाटल्या बेसिनमध्ये रिकाम्या करू नका. इन्व्हर्टरची बॅटरी ज्या दुकानातून नवी घेता, त्यालाच जुनी द्या. भंगारवाल्यानं ती फोडली की आतलं अ‍ॅसिड आणि शिसं जवळच्या गटारातच जातं.

गणपतीबद्दल लिहिताना मन जड होतं, कारण विसर्जनाच्या दिवशीचा मेहरूण तलाव मला फार प्रिय आहे. पण प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात महिनोन्‌महिने तशीच राहते, आणि तिच्या रंगातले धातू गाळात उतरतात. मूर्ती शाडूची किंवा साध्या मातीची आणा. रंग हळद, गेरू, काव यांचे असले तर उत्तमच. प्लास्टरची आणलीच असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं दाखवलेली रीत घरी करता येते. मूर्ती बुडेल एवढ्या पाण्यात साधारण तिच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीत वापरतात ती खाण्याच्या सोड्यासारखी पूड, विरघळवा. मूर्ती आत ठेवा आणि दिवसातून तीन-चार वेळा लाकडी काठीनं ढवळा. हे सगळं गच्चीवर किंवा अंगणात करा, कारण अमोनियाचा उग्र वास सुटतो. दोनेक दिवसांत मूर्ती विरते. खाली खडूसारखा पांढरा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं. ते खतच आहे. भरपूर पाणी घालून फुलझाडांना द्या, भाजीपाल्याला नको, कारण रंगही त्यात उतरलेला असतो.

शेतकरी भावांसाठी थोडं सविस्तर लिहिते. शिरसोली रस्त्याच्या कडेच्या एका नाल्यावर मी एका तरुण मुलाला फवारणीचा पंप धुताना पाहिलं. पंपाच्या तळाशी राहिलेलं औषध त्यानं ओतलं, आणि ते पाण्यात पडताच दुधासारखं पांढरं झालं. तो पांढरा पट्टा नाल्याच्या कडेनं हळूहळू खाली गेला, आणि खाली शंभर पावलांवर म्हशी पाणी पीत होत्या. मी थांबले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, एवढ्याशानं काय होतं? वाहून जातं की." केळीला, कपाशीला वापरायची बरीच औषधं लिटरभर पाण्यात मिलिलिटर-दोन मिलिलिटर घालायची असतात. एवढ्याशानं किडी मरतात, म्हणूनच आपण ती विकत घेतो. मासे आणि पाण्यातले किडे यांनाही तेवढंच पुरतं.

पंप शेतातच धुवा. बाटली रिकामी झाली की तिच्यात पाव भाग पाणी घाला, बूच लावून हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असं तीन वेळा करा. बाटलीत राहिलेलं औषध पिकावर जातं, म्हणजे पैसेही वाया जात नाहीत. मग बाटलीला भोकं पाडा, म्हणजे उद्या कुणी तिच्यात तेल किंवा पाणी भरणार नाही. पंपाचं धुवण त्याच पिकाच्या ओळींवर पसरून मारा, विहीर, बोअर आणि नाल्यापासून लांब. फोरेट, ट्रायझोफॉस यांसारख्या औषधांवर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. कुणाच्या गोठ्याच्या माळ्यावर जुनी पिशवी पडलेली असेल तर ती नाल्यात टाकू नका, पुरूही नका. बंद करून कोरड्या जागी ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयाला कळवा. खताचंही तसंच आहे. ठिबकमधून थोडा थोडा युरिया रोज देणारा आणि पोत्यानं एकदम टाकणारा, यांत दुसऱ्याचा बराच युरिया नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो.

सराफ्याच्या गावात गलाईचा धंदा असणारच. सोनं-चांदी शुद्ध करताना शोऱ्याच्या तेजाबात तांबं विरघळतं आणि मागे निळं-हिरवं पाणी उरतं. ते दिसायला सुंदर असतं, पण त्यातलं तांबं शेवाळापासून माशांपर्यंत सगळ्यांना जड जातं. ते प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा, आणि मुलामा चढवायच्या सायनाइडच्या द्रावणाजवळ ते कधीही नेऊ नका. दोन्ही मिसळली तर निघणारा वायू क्षणात जीव घेतो. अशा कचऱ्यासाठी रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथे अधिकृत केंद्रं आहेत. एकट्या दुकानदाराला ते परवडत नाही, हे मला समजतं. म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून एक गाडी पाठवावी. गॅरेजवाल्यांच्या जळक्या ऑइलला नोंदणीकृत खरेदीदार मिळतो, ते नाल्यात ओतण्यात त्यांचाही तोटाच आहे.

एमआयडीसीतून किंवा कुठल्या टँकरमधून नाल्यात काही सोडलं जात असेल, तर आपण काय करायचं? पहिली गोष्ट, जवळ जाऊ नका. उल्हासनगरजवळच्या वालधुनी नदीत 2014 साली टँकरमधून रसायन सोडलं गेलं. काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना झोपेतच श्वास घेणं कठीण झालं आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. वास तिखट असेल, डोळे चुरचुरत असतील तर वाऱ्याच्या उलट बाजूला, उंच जागी या, 112 वर फोन करा आणि मग शेजाऱ्यांना उठवा.

धोका तेवढा तातडीचा नसेल तर नोंद करा. नोंद म्हणजे पाणी घाण आहे अशी तक्रार नव्हे. तारीख, वेळ, नाल्याच्या कुठल्या पुलाजवळ, पाण्याचा रंग, वास, फेस पांढरा की मातकट, पाऊस होता की नव्हता. पांढराशुभ्र, साबणाच्या वासाचा फेस डिटर्जंटचा असतो. मातकट, बिनवासाचा फेस पहिल्या पुरात आपोआपही येतो. मासे मेले असतील तर बघा, फक्त पहाटे मेले आणि तेही मोठे आधी मेले, तर बहुधा प्राणवायू संपला. लहान-मोठे सगळे, खेकडे आणि किडेसुद्धा एकदम मेले, तर विषाचा संशय घ्या. ते मासे खाऊ नका, विकू नका, आणि गुरंढोरं त्या पाण्यावर नेऊ नका. पीएच पेपरची वही रसायनांच्या दुकानात स्वस्तात मिळते. काठीला चिमट्यात पट्टी लावून बुडवा. सोडायच्या पाण्याचा पीएच 5.5 ते 9 च्या बाहेर दिसला, तर नोंदवहीत ते ठळक लिहा आणि पट्टीचा फोटो घड्याळाशेजारी धरून काढा. एका दिवसाचा फोटो अधिकाऱ्याला टाळता येतो, पंधरा दिवसांची अशी वही टाळता येत नाही. कुठल्या वारी, किती वाजता पाणी येतं ते तिच्यातून कळतं आणि अधिकारी नेमक्या वेळी येऊ शकतो.

ही नोंद महत्त्वाची का, ते सांगते. तुम्ही बाटलीत भरून आणलेलं पाणी कायद्यासमोर पुरावा म्हणून टिकत नाही. 1974 च्या जल प्रदूषण कायद्यात नमुना घेण्याची रीत ठरलेली आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी उद्योगाला नोटीस देऊन नमुना घेतो, त्याचे भाग करून सील करतो आणि सह्या घेतो. म्हणून योग्य वेळी अधिकारी तिथे पोचवणं, हेच तुमचं काम. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय जळगावातच आहे. अर्जात कारखान्यावर आरोप करण्यापेक्षा जागा, वेळ आणि काय दिसलं एवढंच लिहा. कुणाचं नाव ठामपणे घ्यायची घाई करू नका, कारण एकाच नाल्यावर अनेकांची तोंडं असतात. त्या उद्योगाला मिळालेलं संमतीपत्र माहितीच्या अधिकारात मागता येतं. किती पाणी, कसं स्वच्छ करून, कुठे सोडायचं, सगळं त्यात लिहिलेलं असतं, आणि तुमची वही त्याच्याशेजारी ठेवली की फरक दिसतो. मंडळ हललं नाही, तर याच कायद्याच्या कलम 49 नुसार किमान 60 दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिक स्वतः तक्रार दाखल करू शकतो. अशी तक्रार दाखल केल्यावर मंडळाकडचे संबंधित अहवाल मागायचा हक्कही त्याला मिळतो. पुण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पीठ आहे, पण तिथे सर्वसाधारणपणे घटनेपासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. तोवर वही जपून ठेवा.

आणि विहीर किंवा बोअर असलेल्यांसाठी शेवटचं. टीडीएसचं मीटर म्हणजे तपासणी नव्हे. ते पाण्यातले क्षार मोजतं, कीटकनाशक किंवा शिसं दाखवत नाही. उकळल्यानं जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यानं वाढतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर त्या पाण्यात बाळाचं वरचं दूध कालवू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं अंग त्यानं निळं पडू शकतं. गावात जलसुरक्षकाला भेटा, किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. दोन लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळून घ्या, काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा आणि त्याच दिवशी पोचवा. नायट्रेटबरोबर तुमच्या भागात जे वापरलं जातं, ते तपासायला सांगा. नुसतं 'पाणी चांगलं आहे का' विचारलंत तर जंतूंची तपासणी होऊन कागद हातात येईल. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा नमुना द्या, आणि दोन्ही कागद त्याच वहीत चिकटवून ठेवा.